हंत आणि अंत

बेळगावात वाढलेल्या मुलांना दोन भाषा मुद्दाम शिकाव्या लागत नाहीत. मराठी मी शाळेत शिकले, कन्नड बाजारात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला जमाखर्च कळतो, वैद्यकशास्त्र नव्हे. तरी गेल्या वर्षी दवाखान्यात दुभाष्याचे काम माझ्यावर येऊन पडले.

माझी मावशी खानापूरकडची. तिचे कन्नड भाजी घेण्यापुरते. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, "एरडने हंत." कन्नडमध्ये 'हंत' म्हणजे टप्पा. मावशीने ऐकले 'अंत'! "म्हणजे संपलंच की गं सगळं!" म्हणून तिने पदर तोंडाला लावला. "अंत नव्हे गं मावशी, हंत. रोगाची दुसरी पायरी. किरणोपचार आणि सलाईनमधून औषध, दोन्ही देणार आहेत," असे मी तिला परोपरीने समजावले. या रोगात पुढे काय होणार, हे सर्वांत जास्त या पायरीवरच ठरते.

रोगाचे कारण सांगणे त्याहून अवघड होते. जवळजवळ प्रत्येक रुग्णात त्याचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस हा विषाणू असतो. हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार या गाठींत शोधला. त्यासाठी २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो एवढे कळताच घरात कुजबुज सुरू झाली. खरे तर तो बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी होतो आणि सहसा दोनेक वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला, तरी कर्करोग व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. मग कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडायचा?

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ज्या थोड्या गाठींत हा विषाणू सापडत नाही, त्या सहसा उपचारांना कमी दाद देतात. मावशीच्या गाठीत तो होता. ज्याची घरच्यांना लाज वाटत होती, तीच उलट आशेची बाजू ठरली!

त्या पंधरा-वीस वर्षांतच रोग अडवता येतो. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३०,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटाची या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्यावर आले. इतक्या थोड्या भांडवलावर एवढा नफा आमच्या पुस्तकांत मी तरी पाहिलेला नाही. आता पुण्यात तयार होणारी लसही आहे. मैत्रिणींनो, लस आपल्यासाठी आणि तपासणी आपल्या आयांसाठी, एवढे घरी बोला.

मावशीचे उपचार पुरे झाले. दर तीन महिन्यांनी तिला दाखवून आणतो. आईलाही मी तपासणीला नेले. "तक्रार काय?" असे नर्सने विचारले. आई म्हणाली, "काही नाही. म्हणूनच आले."