उष्ण कटिबंधाची गोडी शोधायला कोकणात

मंडळी, आपली लेकरे आता कुठे कुठे जातात आणि काय काय शिकतात, बघा. आमच्या चुलत भावाची मुलगी पुण्यात हॉटेलच्या स्वयंपाकाचे शिक्षण घेते आहे. भावाची बालाघाटच्या डोंगरात कोरडवाहू शेती. घरातून शिकायला बाहेर पडलेली ही पहिलीच पोर. जूनमध्ये तिला कॉलेजात तीन पक्वान्ने करून दाखवायची होती. चव उष्ण कटिबंधातल्या फळांची हवी, आणि तीच का निवडली तेही लिहायचे. तिची यादी अशी : अननसाची पेस्ट्री, नारळाचे पुडिंग आणि डब्यातल्या आंब्याचे आइस्क्रीम. सगळी भिस्त बाटलीतल्या इसेन्सवर. मी म्हटले, "अगं, फणस कुठे आहे?" तर म्हणाली, "काका, ते फार गावठी दिसेल."

आता तुम्हीच नकाशा उघडून पाहा. कर्कवृत्त गुजरात आणि मध्य प्रदेशातून जाते. त्याच्या दक्षिणेला आपला अख्खा महाराष्ट्र. म्हणजे तुमचे शेत, बांध आणि परसदार उष्ण कटिबंधातच आहे. याउलट जो अननस तिला शहरी वाटत होता, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. फणस मात्र आपल्या सह्याद्रीचाच. हे तोंडाने सांगून पटणारे नव्हते, म्हणून मे महिन्यात तिला घेऊन कुंभार्ली घाटाने खाली चिपळूणला उतरलो.

घाट उतरला की अंगाला हवा चिकटू लागते. आपल्याकडे वाळलेल्या गवताचा वास, तर इथे पिकलेल्या फणसाचा. गुहागरच्या वाटेवर एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. मागच्या आवारात फणस पडून कुजत होते. उतरवायला माणूस मिळत नाही आणि एवढे ओझे बाजारात नेऊन भाडेही सुटत नाही, असे घरधनी सांगत होते. आपल्याकडे पोरीला या एका फणसाचे केवढे अप्रूप वाटले असते!

घरच्या काकूंनी संध्याकाळी सांदणे केली. कापा फणस खायला चांगला, पण सांदणाला बरकाच लागतो. त्याचे गरे मऊ, बुळबुळीत, रसाचे. गरे चाळणीवर घासून रस काढला. जेवढा तांदळाचा रवा तेवढाच रस, त्यात गूळ, थोडे खोबरे आणि चिमूटभर मीठ. रवा फुगू दिला आणि वाट्यांना तूप लावून मिश्रण वाफवले. खाताना वर नारळाचे दूध. काकूंनी तिला एक गोष्ट बजावली. "दाट दूध शेवटी घाल आणि नुसते कोमट कर. खळखळून उकळलेस तर फाटेल." पोरीने वही काढली. कॉलेजच्या कामासाठी तिने वही काढलेली मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

तिथून रत्नागिरीमार्गे वेंगुर्ल्याला गेलो. हापूसबद्दल मी काय सांगावे! २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पक्वान्न करणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हापूसचा वास आचेवर उडून जातो. रस आटवला तर टिकतो, पण तो ताजा आंबा राहत नाही. म्हणून आम्रखंडासारखे थंड पक्वान्नच बरे. दुसरे म्हणजे साका. वरून फळ देखणे आणि आत पांढरट, आंबट. प्रत्येक फळ कापून पाहिल्याशिवाय रसात घालू नये. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना ही जात काढली, ती १९८१ साली. तिच्यात साक्याचा त्रास नाही.

वेंगुर्ल्यापासून गोव्याची हद्द जवळच. तिथे बेबिंका खाल्ली. नारळाचे दूध, अंड्याचा पिवळा बलक, मैदा, साखर, तूप. एक थर भाजून झाला की त्यावर दुसरा, आणि विस्तव वरून. रूढ बेबिंका सात थरांची. पोरीचे मन तिच्यावर बसले होते. मी नको म्हटले. परीक्षेच्या वेळात घाईने केलेली बेबिंका म्हणजे थरांचा चिखल. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ यांचा दोदोल मला जास्त आवडला, पण तो ढवळायला दंडात ताकद हवी.

काम दिवाळीच्या सुमाराला असते, तर मी आपल्या डोंगरातले सीताफळच सांगितले असते. मात्र त्याचा गर कधीही उकळू नका, कडवट होतो. बासुंदी पूर्ण गार झाल्यावरच मिसळा.

शेवटी तिने सांदण आणि आम्रखंड धरले. अननस मात्र सोडला नाही, पण डब्यातला टाकून ताजा घेतला. कच्च्या अननसात दुधातली प्रथिने तोडणारा घटक असतो. त्याने दूध कडू होते आणि जिलेटिनची जेली धरत नाही. फोडी पाच-सात मिनिटे उकळल्या की तो घटक निकामी होतो. तिने फोडी उकळून चायनाग्रास वापरले. शाकाहारी माणसालाही चालते.

"निवडीचे कारण" या रकान्यात सांदणासमोर तिने लिहिले : फळ ताजे, इसेन्स नाही, आणि आमच्या काकूंच्या हातचे. शेवटचे कारण शिक्षकांना चालेल का, असे मला विचारत होती. मी म्हटले, राहू दे.

परवा तिच्या वडिलांचा फोन आला. "दादा, विहिरीकडेला फणस लागेल का?" त्यांना सांगितले, निचऱ्याची जागा पाहा, पहिली काही वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि सावली द्या, आणि घरापुरते एकच झाड लावा; आपल्या हवेत बागेच्या फंदात पडू नका. लावाल ते कलमच लावा. बी लावले तर कापा निघतो की बरका, हे फळ धरेपर्यंत कळत नाही.