डाळिंबाची साल आणि उंदराची पाठ

आमच्या घरात डाळिंबाला अनारच म्हणतात. दाणे खायचे, साल उन्हात वाळवून कुटून डब्यात भरायची. पोट बिघडलं तर ती पूड, खरचटलं तरी तीच पूड. अलीकडे या सवयीला नवा आधार मिळाला आहे: "आता तर सायन्सनंही मानलंय!"

मानलंय म्हणजे काय? 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळलेल्या सालीचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क जेलमध्ये मिसळून प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या जखमांवर लावला होता. 5 टक्के अर्काच्या जेलनं जखम 10 दिवसांत भरली, 2.5 टक्क्यांच्या जेलनं 12 दिवसांत. नुसतं जेल लावलेल्या उंदरांना 16 ते 18 दिवस लागले.

आकडे आनंदाचे आहेत. पण ती जखम आपोआप झालेली नसते. अशा प्रयोगात उंदराला भूल देतात, पाठीवरचे केस काढतात, ठरावीक मापाची कातडी कापतात आणि जखम किती आक्रसली ते मोजत राहतात. मुक्या जिवाला विनाकारण छळणं आमच्या दीनमध्ये गुनाह आहे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस आम्ही लहानपणीच ऐकतो. भारतातही 1960 च्या कायद्यानुसार अशा प्रयोगांवर देखरेख असते. मग "विनाकारण" या शब्दाचं वजन कुणी पेलायचं? फक्त संशोधकानं?

मला वाटतं, आपणही. उंदराची कातडी सैल असते. तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे जखम बरीचशी आक्रसूनच मिटते. माणसाला नवं मांस, नवी त्वचा भरून यावी लागते. शुगरच्या पेशंटच्या पायात तर रक्त कमी पोहोचतं, वेदना कळत नाही, जंतू आत शिरतात. शिवाय मापून केलेलं जेल वेगळं आणि डब्यातली पूड वेगळी.

म्हणूनच खालाजानच्या पायाच्या जखमेवर कुणी ती पूड लावायला निघालं, तेव्हा मी डबा बंद केला आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. अम्मी म्हणाली, "अनारवर यकीन नाही का तुझा?"

आहे ना. सालीत खरंच काहीतरी आहे, पुढं शोधण्यासारखं आहे, एवढं तो उंदीर सांगून गेला. त्यानं त्यासाठी पाठ दिली. त्याच्या तोंडी न बोललेली गोष्ट घालणं हाही एक जुल्मच.