तिकडे कसं चाललंय?

29 डिसेंबर 1972. न्यूयॉर्कहून निघालेलं ईस्टर्न एअर लाइन्सचं विमान मायामीला उतरणार होतं. पण पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागेना. विमान 2000 फुटांवर नेऊन ऑटोपायलटच्या हवाली केलं आणि सगळे त्या दिव्यात गुंतले. उंची धरून ठेवणारी यंत्रणा नकळत सुटली. इशाऱ्याचा सूर वाजला, तो कुणी ऐकला नाही.

नियंत्रकाच्या रडारवर 900 फूट दिसलं. असे आकडे कधीकधी क्षणभर चुकतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने विचारलं ते एवढंच, की तिकडे कसं चाललंय? वैमानिकांना तो प्रश्न दिव्याबद्दलचा वाटला. वळून परत येतो, असं त्यांनी कळवलं. ‘उंची’ हा शब्द कॉकपिटमध्ये उमटला तो शेवटच्या काही सेकंदांत. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत 101 माणसं गेली. चाक खाली होतंच. फक्त दिव्याचे बल्ब गेले होते.

अनुवाद करताना मोघम वाक्य मोघमच ठेवावं, त्यातला मोकळेपणा जपावा, असं मी मानते. या वाक्यापाशी मात्र माझा हात थांबतो. त्यात ज्याला जे हवं ते मावलं, आकडा तेवढा बाहेर राहिला.