काटा दिसला होता : लिबरेटर, लोहगाव आणि आमचा ट्रॅक्टर

१/ आजचा धागा एका विमानाविषयी आहे आणि एका काट्याविषयी. विमान म्हणजे बी-२४ लिबरेटर, चार इंजिनांचे अमेरिकन बॉम्बफेकी विमान. काटा त्याच्या सिलिंडर हेडचे तापमान दाखवणारा. विमानाची कथा कानपूर आणि पुण्याची. काट्याची मात्र परळी तालुक्यातील आमच्या घरापर्यंत येते.

२/ दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची कितीतरी लिबरेटर विमाने कानपूरच्या चकेरी तळावर उभी होती. ती अमेरिकेकडून उधार-पट्टा व्यवस्थेखाली आलेली. भारताच्या हाती सोपवण्याची मुभा नव्हती. म्हणून जाण्यापूर्वी ती निकामी करण्यात आली. इंजिनांत वाळू ओतली गेली, उपकरणे फोडली गेली.

३/ स्वतंत्र भारताला लांब पल्ल्याची विमाने हवी होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी एकाचे भाग दुसऱ्याला जोडून त्या भंगारातून विमाने उभी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक बंगळूरला नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन ह्याच विमानांवर उभी राहिली.

४/ १९५१ मध्ये पुण्यात ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची लिबरेटरसह पुन्हा उभारणी झाली. काम होते समुद्रावरील टेहळणीचे. मोडीत काढलेली ही विमाने १९६८ च्या अखेरपर्यंत सेवेत राहिली. त्यांतील एक पुढे लंडनच्या हवाई दल संग्रहालयाला देण्यात आले.

५/ आता इंजिन. लिबरेटरच्या प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन ओळींत, आणि ताकद सुमारे १२०० अश्वशक्ती. ट्रॅक्टरसारखा पाण्याचा रेडिएटर नाही. सिलिंडरची उष्णता समोरून येणारा वारा वाहून नेतो. मागच्या ओळीला वारा कमी पोहोचतो, म्हणून हवा तिच्याकडे वळवणारे पत्रे बसवलेले असतात.

६/ वाऱ्याचे प्रमाण ठरवतात इंजिनाच्या आवरणामागच्या झडपा, काऊल फ्लॅप. त्या उघडल्या की इंजिन निवते, पण विमानाला होणारा हवेचा अडथळा वाढतो. मिटल्या की विमान सुटसुटीत धावते, पण काटा चढू लागतो. इंधनाचे मिश्रण दाट केले तरी उष्णता उतरते. त्याची किंमत टाकीतून मोजावी लागते. वैमानिक दर क्षणी ह्या तीन गोष्टींचा हिशेब मांडत असतो.

७/ जुन्या संगणकावरील सिम्युलेटरमध्ये मी हे विमान लोहगावहून उडवतो, तेही मे महिन्याच्या दुपारी. पहिल्या तीन उड्डाणांत माझे इंजिन जळाले. कारण अज्ञान नव्हते. काटा तांबड्या रेषेकडे सरकताना मला दिसत होता. 'आणखी थोडी उंची गाठू, मग पाहू', असे म्हणत मी नाक वर धरून ठेवले. तिसऱ्या वेळी मी खुर्चीवरून उठलो. हे सारे माझ्या हातून पूर्वी घडले होते.

८/ मी सतरा वर्षांचा असताना, ऐन गळीत हंगामात, वडिलांनी एका खेपेला ट्रॅक्टर माझ्या हाती दिला होता. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. घाटाच्या चढावर काटा तांबड्यात गेला. थांबलो असतो तर कारखान्यावरचा नंबर हुकला असता. मी थांबलो नाही. पुढे वाफ उसळली तेव्हा घाबरून त्या तापल्या इंजिनात गार पाणी ओतले आणि हेडला तडा गेला.

९/ वडिलांनी विचारले, "काटा बघितला नव्हतास का?" मी म्हणालो, "नाही." निम्मा हंगाम ट्रॅक्टर दारात उभा राहिला. घेतलेली उचल फेडण्यासाठी वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक म्हणून गेले. माझे खोटे मात्र घरातच राहिले.

१०/ उष्णता निर्माण करणे सोपे, ती वाहून नेणे कठीण. आमच्या परळीला हे सांगावे लागत नाही. २०१३ च्या दुष्काळात खडका बंधाऱ्याचे पाणी आटले आणि परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. पाण्यावाचून ते चालवणे शक्यच नव्हते.

११/ गेल्या उन्हाळ्यात वडील माझ्यामागे येऊन उभे राहिले. पडद्यावर लिबरेटर चढत होते, काटाही चढत होता. मी त्यांना सांगितले, आकाशात थांबता येत नाही. ते क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "थांबता येईना तर चढ कमी कर की."

१२/ वैमानिकही नेमके हेच करतात. नाक थोडे खाली घेतले की वेग वाढतो, वारा वाढतो, इंजिन निवते. मी तसे केले. काटा सावकाश उतरू लागला. पुढे उतरताना त्यांनीच बजावले, "आता एकदम गार करू नको." तेही खरेच, तापलेले सिलिंडर एकाएकी निवले तर धातूवर ताण येतो.

१३/ विमान धावपट्टीवर टेकल्यावर मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी काटा दिसला होता मला."
"माहीत हाय," ते म्हणाले आणि चारही इंजिने बंद होईपर्यंत तिथेच उभे राहिले.

धागा समाप्त. आपल्या घरच्या जुन्या यंत्रांच्या आठवणी खाली अवश्य लिहा.