दीडशे मीटर अलीकडे

सहलीला कुठे जायचे हे तुमच्या घरी कोण ठरवते? आमच्याकडे ते भांडणातून ठरते. एकाला सिंहगड हवा असतो, दुसरीला कात्रजचे प्राणिसंग्रहालय, आणि शेवटी सगळे घरीच भजी खात बसतात. जूनमधल्या एका शनिवारी मात्र आम्ही वेगळीच युक्ती केली. माझी भाची (यंदा आठवीत) आणि तिचा धाकटा भाऊ (पाचवीत) सुट्टीसाठी पुण्याला आले होते. शाळा सुरू व्हायला चारच दिवस उरले होते. मी शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या लिहिल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि म्हटले, "उद्या कुठे जायचं ते हा डबा सांगेल."

कसे सांगेल? भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश-रेखांश शिकलात ना, त्यावर. पृथ्वीवरची कुठलीही जागा दोन आकड्यांत सांगता येते. पुण्याचा बराचसा मध्यभाग 18.5 ते 18.6 उत्तर अक्षांश आणि 73.8 ते 73.9 पूर्व रेखांश या चौकोनात मावतो. हा चौकोन साधारण अकरा किलोमीटर लांब आणि साडेदहा किलोमीटर रुंद आहे. आता 18.5 च्या पुढे आणखी एक आकडा लिहा, उरते सुमारे 1100 मीटरची पट्टी. आणखी एक लिहा, 110 मीटर. आणखी एक, 11 मीटर! म्हणजे तीन चिठ्ठ्या अक्षांशाला, तीन रेखांशाला, की एखाद्या अंगणाएवढी जागा हाती आली. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची, एवढे मात्र विसरायचे नाही.

ही कल्पना माझी नाही हो. रँडल मन्रो नावाचा एक अमेरिकन व्यंगचित्रकार आहे. त्याने मे 2008 मध्ये 'एक्सकेसीडी' या आपल्या चित्रमालिकेत हा खेळ मांडला. नाव जिओहॅशिंग. त्यात चिठ्ठ्या नसतात. त्या दिवसाची तारीख आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा सुरुवातीचा डाऊ जोन्स निर्देशांक घेऊन संगणकाकडून एक किचकट गणित करून घ्यायचे, की त्या दिवसापुरता एक बिंदू मिळतो. बाजार कितीवर उघडणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे लबाडीला वाव नाही. तो बाजार उघडेपर्यंत आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते, म्हणून आपण आदल्या दिवसाचा आकडा घ्यायचा. पण त्या खेळातला चौकोन पूर्ण एक अंशाचा असतो. पुण्याच्या चौकोनात लोणावळा येते, राजगड येतो, रायगड आणि महाडसुद्धा येते. ऐन पावसात सह्याद्रीच्या एखाद्या कड्याच्या मधोमध बिंदू पडला तर काय घ्या! म्हणून आम्ही चौकोन लहान केला. एक नियम मात्र तसाच ठेवला: बिंदू फक्त एका दिवसाचा. रविवारी रात्री बारा वाजता तो संपणार.

पहिला बिंदू पडला खडकीच्या लष्करी हद्दीत. बाद! दुसऱ्यांदा आकडे निघाले 264 आणि 179. म्हणजे 18.5264, 73.8179. फोनवरच्या नकाशात घातले, तर वेताळ टेकडी!

"हात्तिच्या," मी म्हणालो. कारण या टेकडीवर मी गेली पंधरा वर्षे फिरायला जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच, पुणे शहरातली सर्वांत उंच टेकडी. त्यात मला काय नवीन दिसणार?

रविवारी सकाळी ढग अगदी खाली आले होते. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने चढलो आणि अर्ध्या वाटेवरच सर आली. छत्र्या उलट्या झाल्या, धाकट्याचा रेनकोट काटेरी झुडपात अडकून टरकन फाटला. पण नेहमीची मळलेली वाट सोडून आकडे सांगतील तसे डावीकडे वळलो, आणि मला पहिल्यांदाच कळले की पंधरा वर्षे मी टेकडी पाहिली ती दोन हात रुंदीची! गिरिपुष्पाच्या झाडांखाली लाल मखमलीचे थेंब सांडावेत तसे मृगाचे किडे चालले होते. भाचीने एकाला बोट लावले, तर त्याने पाय पोटाशी घेऊन चक्क मेल्याचे सोंग घेतले. कुठूनसा मोर ओरडला. दिसला नाही.

तेवढ्यात आभाळ लख्खकन उजळले.

"एक, दोन, तीन..." धाकटा मोजू लागला. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. प्रकाश तत्काळ पोहोचतो, पण आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. चोविसाव्या सेकंदाला गडगडले.

"चोवीस भागिले तीन, आठ. मामा, आठ किलोमीटर."

"मग लांब आहे की," मी म्हणालो. चूक! ही चूक माझी, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली. त्याच क्षणी उघड्या माथ्यावरून निघायचे आणि पक्क्या इमारतीत शिरायचे असते, कारण पुढची वीज आधीच्याच जागी पडेल असा काही करार नसतो. मला हा नियम ठाऊक होता. पण फोनवरचे आकडे 18.5264 च्या दिशेने सरकत होते ना! आणखी थोडेच, आणखी थोडेच, असे करत मी दोन पोरांना घेऊन चढत राहिलो.

दुसरी वीज. पंधरा सेकंद. अंगावर काटा आला, तो थंडीने असे मी स्वतःला सांगितले. समोर झाडी विरळ होऊन मोकळे पठार लागत होते. फोनवर 18.5251, 73.8174.

"मामा, ते बघा, तिथेच असेल! पळत दोन मिनिटं!" भाची म्हणाली.

"नऊ," धाकटा म्हणाला. तिसरी वीज आम्ही दोघांनी पाहिलीच नव्हती, त्याने पाहिली होती. "मी परत जाणार. तुम्ही जा हवं तर." ओठ थरथरत होते, पण पाय रोवून उभा होता.

मी फोन खिशात टाकला. "चला खाली." भाची एक शब्द बोलली नाही. एकमेकांत अंतर ठेवून आम्ही उतरलो. छत्र्या मिटलेल्या होत्या आणि मोठ्या झाडाच्या आडोशाला कोणी थांबायचे नाही असे बजावले होते, कारण उंच झाड हा विजेचा सोपा रस्ता. वाट निसरडी. मी एकदा सपशेल बसलो, पण कोणीही हसले नाही, यावरून काय ते समजा.

खाली वस्तीतल्या एका हॉटेलात शिरलो. चहा, दूध आणि क्रीमरोल. बाहेर असा काही कडकडाट झाला की काउंटरवरच्या बरण्या वाजल्या. मोजायला वेळच मिळाला नाही.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नसते. भाची अजून फुरंगटलेली होती. मी बिलाच्या पाठीवर आकडे मांडले आणि कागद तिच्याकडे सरकवला. अक्षांशात फरक 0.0013, म्हणजे 144 मीटर. रेखांशात 0.0005, म्हणजे 53 मीटर. पुढचे पायथागोरसचे काम तिने केले, आधी नाखुशीने, मग जीभ बाहेर काढून. उत्तर आले 153.

"फक्त एकशे त्रेपन्न!" ती म्हणाली. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "मामा, आपण पळालो असतो तर तो कडकडाट झाला तेव्हा कुठे असतो?"

मी उत्तर दिले नाही. तिने बहुधा ते काढलेच होते.

गंमत बघा. विजांचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे, आणि ती संस्था आहे पाषाणला, म्हणजे याच टेकडीच्या पलीकडच्या अंगाला! भारतीय हवामान खात्याचे मुख्यालयही 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले होते. म्हणून तर शिवाजीनगरातल्या त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. अशा गावात राहून मी निघण्यापूर्वी अंदाज पाहिला नव्हता. आता ते ॲप माझ्या फोनात आहे. धाकट्याने स्वतः घालून दिले.

संध्याकाळी ऊन पडले. पुन्हा जायला वेळ होता. पण भाचीच्या सँडलचा पट्टा तुटला होता आणि धाकटा चार वाजताच झोपला. रात्री बारा वाजता बिंदू संपला. भाचीने वहीत तारीख घालून लिहिले: '18.5251, 73.8174. इथून परत.' धाकट्याने त्याखाली वेगळ्या पेनाने '9' लिहिला आणि त्याभोवती गोल काढला.

परत गावी जाण्याआधी दोघांनी पुढच्या रविवारसाठी माझ्याकरता चिठ्ठ्या काढल्या. या वेळी बिंदू पडला आहे पेठांमध्ये, बहुधा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. मी दारापर्यंत जाईन म्हणतो. दुपारी एक ते चार सोडून, अर्थात.