शीळफाट्यावरची मसामन करी

मुंब्रा-पनवेल रस्त्याला कल्याणचा रस्ता मिळतो तो शीळफाटा. मगरिबनंतर ट्रकांच्या रांगेतून वाट काढत आम्ही तिथल्या एका छोट्या थाई हॉटेलात गेलो. अम्मी नाखूशच होत्या. "त्यात काय काय घालतात, कोण जाणे!"

म्हणून आम्ही आधी विचारून घेतले. कोंबडी हलाल होती, वाइन कशातच नव्हती, खारट चव माशाच्या सॉसची होती. एका भाजीत मात्र कालवांचा सॉस होता. अब्बा हनफी, त्यांनी ती भाजी घेतली नाही. अम्मी कोकणातल्या, शाफई. त्यांना कालवे चालतात. दोघांनीही एकमेकांना टोकले नाही.

मग मसामन करी आली. नारळाचे दूध, बटाटा, शेंगदाणे, दालचिनी, वेलची. हे नाव 'मुसलमान' शब्दावरून आले, असे मानतात. थायलंडच्या दक्षिणेकडील पत्तानी, याला, नराथिवात प्रांतांत मुसलमानच बहुसंख्य आहेत. अम्मींनी घास घेतला आणि हसल्या, "अगं, हे तर आपल्या नारळाच्या सालनाचं भावंड!"

बिस्मिल्लाह म्हणून जेवायचे, तर आधी दोन प्रश्न विचारायला संकोच कसला? विचारले म्हणूनच त्या रात्री सगळे निर्धास्त जेवलो.