जुन्नरची बाजारपेठ

एखाद्या गांवाची खरी ओळख कोठें होते, असें कोणी विचारलें तर आम्ही देवळाकडे किंवा किल्ल्याकडे बोट न दाखवितां बाजाराकडे दाखवूं. समुद्रकांठच्या हवा खाण्याच्या गांवीं संध्याकाळीं मुख्य रस्त्यानें दोन फेऱ्या घातल्या कीं तेथील माणसांचें निम्में सुखदुःख कळतें. जुन्नरला समुद्र नाहीं. सह्याद्रि उतरून कोंकणपट्टी ओलांडल्यावांचून तो दृष्टीस पडावयाचा नाहीं. तरीहि जुन्नरची पेठ ही मुळांत समुद्राचीच लेक आहे, आणि तिच्यांतून सावकाश पायीं हिंडण्यांतील आनंद कोणत्याहि किनाऱ्यावरील रस्त्याहून कमी नाहीं.

पुण्याच्या उत्तरेस सुमारें ९० किलोमीटरवर, कुकडी नदीच्या कांठीं हें गांव वसलें आहे. येथें येणारीं कुटुंबें बहुधा दोन हेतूंनीं येतात: लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचें दर्शन घ्यावें, आणि १६३० सालीं जेथें शिवछत्रपतींचा जन्म झाला तो शिवनेरी मुलांना दाखवावा. दोन्ही हेतु उत्तमच. परंतु मोटार सरळ डोंगराच्या पायथ्याशीं जाते, पायऱ्या चढून उतरून झाल्या कीं तशीच माघारीं वळते, आणि मधलें गांव खिडकीच्या कांचेंतून दिसेल तेवढेंच दिसतें. गेल्या चैत्रांत एका रविवारीं आम्ही सहकुटुंब गेलों तेव्हां उलट क्रम धरला. आधीं पेठ, मग देव.

रविवार हा येथील आठवड्याच्या बाजाराचा दिवस. सकाळचें ऊन चढण्यापूर्वींच रस्त्याच्या दोन्ही कडा गोणपाटांनीं भरून गेल्या होत्या. मागें पक्कीं दुकानें: किराणा, कापड, भांडीं, सोनाराची पेढी. त्यांच्या पुढें जमिनीवर मांडलेला दुसरा बाजार: लसणाच्या जुड्या, लाल मिरच्यांचे ढीग, डोंगराकडला तांदूळ, नाचणी आणि वरई. लोहारानें विळे व कोयते ओळीनें मांडले होते, आणि पात्याला बोट लावून धार पाहिल्याशिवाय कोणी शेतकरी पुढें सरकत नव्हता. एका भाजीवाल्या बाईच्या टोपलीला मोबाईलवरून पैसे घेण्याची पाटी टेकवून ठेवलेली होती, आणि सुटे पैसे ठेवावयाचा बटवाहि तिच्या कमरेला होताच. नवें आलें म्हणून जुनें टाकावें, अशी या पेठेची रीत दिसली नाहीं.

पुढें बुरुडाच्या सुपाटोपल्यांशीं आम्ही थांबलों. तेथून थोड्याच पावलांवर पितळी भांडीं उन्हांत झगमगत होतीं. ही जोडी पाहून आम्हांस जें आठवलें तें वाचकांनींहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे अनेक समूह आहेत. त्यांतील सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या शिलालेखांत बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींचा, म्हणजे व्यवसायसंघांचा, उल्लेख येतो. धर्मकार्यासाठीं दिलेली ठेव या संघांकडे सोंपविलेली होती. दुसऱ्या एका लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दान केल्याची नोंद आहे. तीन दात्यांनीं तर आपण यवन असल्याचें कोरून ठेविलें आहे. ज्या बुरुडाच्या हातीं लोक आपली ठेव निर्धास्तपणें देत, त्याची पत त्या काळीं केवढी असेल! आज त्याच्याशीं पांच रुपयांसाठीं घासाघीस करणाऱ्या आपणां शहाण्यांस हें ठाऊक असलेलें बरें.

एवढा व्यापार या आडगांवीं आला कोठून? त्याचें उत्तर पश्चिमेस, नाणेघाटांत आहे. कोंकणांतील कल्याण, सोपारा व चौल या बंदरांवर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर यावयाचा, आणि घाट चढल्यावर पहिली मोठी पेठ ती जुन्नरची. घाटाच्या तोंडाशीं गुहेंत सातवाहन राणी नागनिका हिच्या काळचा प्रसिद्ध लेख असून यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची मोजदाद त्यांत आंकड्यांनिशीं केलेली आहे. जवळच दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते.

पुढें राज्यें बदललीं तरी वाट तीच राहिली. पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन नांवाचा रशियन व्यापारी चौल बंदरीं उतरला आणि आपला घोडा विकावयास जुन्नरास आला. पावसाळा त्यानें येथेंच काढिला. येथल्या खानानें त्याचा घोडा हिसकावून घेतला. धर्म बदलशील तर घोडा परत देऊं, वर हजार मोहरा देऊं, असें आमिष दाखविलें. अखेरीस खुरासानच्या एका भल्या गृहस्थाच्या मध्यस्थीनें तो घोडा सुटला. ही हकीकत निकितिननें स्वतःच लिहून ठेविली आहे. या गांवची संपत्ति पुढेंहि एवढी होती कीं १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं रात्रीं दोराच्या शिड्यांवरून गांवकुसाच्या आंत उतरून मोगलांच्या ताब्यांतील या ठाण्यांतून ३ लक्ष होन व २०० घोडे नेले. पेशवाईच्या दप्तरखान्यांत जुन्नरी कागदाला मान होता. तो कागद करणाऱ्यांची वस्ती याच गांवीं होती. गिरणीच्या स्वस्त कागदापुढें मात्र तो धंदा टिकला नाहीं.

मग दैव फिरलें. आगगाडीनें सह्याद्रि चढण्यासाठीं जुन्नरच्या दोन्ही बाजूंच्या वाटा निवडल्या: दक्षिणेस १८६३ सालीं बोरघाट व उत्तरेस १८६५ सालीं थळघाट. बंदराचा माल डब्यांत बसून गेला, आणि नाणेघाटांतील बैलांच्या घुंगुरमाळा मुक्या झाल्या. पुढें मोटारींचा काळ आला. पुणें-नाशिक रस्ता पूर्वेकडे नारायणगांवावरून गेला आणि माळशेज घाटांतून येणारा कल्याण-नगर रस्ता उत्तरेकडे ओतुरावरून गेला. तालुक्याच्या बागाईत भागांतील टोमॅटो नारायणगांवच्या बाजारांतूनच परस्पर परमुलखाला जातात. चहूं बाजूंनीं वाटा अशा बगल देऊन गेल्यावर एखादी पेठ ओस पडावयाची. ही कां पडली नाहीं?

तें कोडें आमच्यापुरतें एका म्हाताऱ्या बाईनें उलगडलें. पेठेच्या टोंकाशीं ती हिरड्याचें गांठोडें सोडून बसली होती. आमच्या काकूंना घरांतल्या तान्ह्या नातवाच्या बाळगुटीसाठीं हिरडा हवाच होता.

"आजी, हिरडा कसा दिला?" काकूंनीं विचारलें.

"मोठा स्वस्त हाय, ताई. ह्यो बारका, बाळहिरडा, ह्यो महाग."

"एवढासा तो, आणि महाग?"

"एवढासा हाय तवाच काढावा लागतो. पोरगा झाडावर चढतो. खाली मी येचते, मग वाळवते. वर पाय सरकला तर भाव कुनाला इचारायचा?"

काकू गप्प झाल्या, आणि सांगितलेला भाव त्यांनीं मुकाट्यानें दिला. मग त्या तिच्याजवळच बसल्या. बाई घाटघराकडची. आपटाळें, इंगळूण, भिवाडें, घाटघर या बाजूच्या डोंगरांत बहुतांशीं महादेव कोळी लोकांची वस्ती आहे, आणि भाताखेरीज रोख पैसा हातीं देणारें झाड म्हणजे हा हिरडाच. चैत्र-वैशाखांत तो विकावयाचा, आणि त्याच पैशांतून आषाढाच्या धारा लागण्यापूर्वीं तेल, मीठ, मिरची, डाळ, मुलांचीं वह्यापुस्तकें घरांत भरून ठेवावयाचीं. "पाऊस लागला म्हंजी कोन उठून बाजाराला येतंय?" ती म्हणाली. थोड्या वेळानें आम्हीं पाहिलें तों ती समोरच्याच किराणा दुकानाच्या पायरीवर उभी राहून तेलाचा डबा पारखीत होती. काकूंनीं दिलेली नोट घटकाभरांत रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती!

जुन्नरची पेठ कां तगली याचें मर्म या एवढ्याशा फेऱ्यांत आहे. बंदरांनीं तिला मोठें केलें. परंतु बंदरें तुटल्यावर तिला जगविलें तें डोंगरांतल्या माणसांनीं. हिरड्याला भाव आला तर कापडवाला हंसतो, कांसाराचा हंडा खपतो. भाव पडला तर पेठेंतल्या वह्यांत उधारी वाढते आणि घाटघरच्या चुलीवर पावसाळा जड जातो. म्हणून तालुक्याच्या बऱ्यावाईटाचा हिशेब करतांना केवळ बागाइतांच्या गाड्या मोजून चालणार नाहीं. या गांठोड्यांचेंहि वजन त्यांत धरलें पाहिजे.

शिवनेरीचें नांव २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकीं एक म्हणून जागतिक वारशाच्या यादींत गेलें आहे. पाहुणे आतां वाढतील, आणि वाढावेतच. पण पाहुणा गडावर जाऊन परस्पर निघून गेला तर त्याच्या येण्यानें पेठेला काय मिळालें? आमच्या वाचकभगिनींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं पुढच्या खेपेस घरच्या मंडळींस घेऊन लेण्याद्रीस जाल तेव्हां रविवार साधा. तास-दीड तास पेठेंतून पायीं चला. मुलांना बुरुडाचें सूप हातांत घेऊं द्या आणि त्याच्या पूर्वजांचा शिलालेखांतील मान त्यांना सांगा. दुपारीं या भागाची प्रसिद्ध मासवडी रश्श्याबरोबर अवश्य खावी. नांवावरून कोणी बिचकूं नये, ती निव्वळ बेसनाची असून आंत तीळ, खोबरें व लसूण यांचें सारण असतें. आणि बाळगुटीचा हिरडा घ्यावयाचा तो तेथेंच, डोंगरांतून आलेल्या हातांतून घ्यावा. घरीं आल्यावर सहाणेवर तो उगाळतांना, झाडावर चढलेल्या त्या मुलाचा पाय घट्ट राहो, एवढी इच्छा मनांत यावी. तेवढ्यानेंहि तुमचें आणि त्या पेठेचें नातें जडेल.